हेडफोनच्या भोकातली काडी

माझ्या दुकानात शिरणारा माणूस आधी माझ्या मागं बघतो. मागं भिंत आहे आणि भिंतीवर जुन्या रेडिओंचे सांगाडे टांगलेले आहेत. त्यातून कोणी तरी मिशीवाला बाहेर येईल अशा आशेनं तो थोडा थांबतो आणि मग मला विचारतो, “भाभी, मिस्त्री कुठं गेल्यात?” मी सांगते, “हितंच बसल्यात. बोला.” त्यावर काहीजण हसतात, काहीजण “येतो मग उद्या” म्हणून निघतात. उद्या येतात तेव्हाही मीच बसलेली असते. साठी उलटली माझी, तरी भोरच्या बाजारपेठेतला हा मिस्त्रीचा शोध अजून संपलेला नाही.

दुकान अब्बांचं. रेडिओ, टेप, टीव्ही, ॲम्प्लिफायर, जे जे म्हणून आवाज करतं ते आम्ही दुरुस्त करतो. अब्बांना दोन मुलगेही होते, पण त्यांना करंटची भीती वाटायची आणि मला स्वयंपाकाची, म्हणून दुकान माझ्याकडं आलं. लग्न भोरातच झालं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “मुक्याला बोलतं करायचं असंल तर हिच्याकडं द्या. बोलत्याला मुकं करायचं असंल तरी हिच्याकडंच.” हे कौतुक की तक्रार, ते मी अजून विचारलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, पुरुषांच्या क्षेत्रात एक स्त्री म्हणून तुम्हाला आलेल्या अडथळ्यांविषयी लिहा. मी म्हटलं, अडथळा एकच, गिऱ्हाईक, आणि तो पुरुषांनाही येतो. मग काय लिहाल? म्हटलं, हेडफोनच्या भोकाविषयी लिहिते. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं त्यांच्याही फोनची पत्ती अडकली.

ही पत्ती काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

रेडिओच्या आतून आवाज निघतो तो थेट स्पीकरकडं जात नाही. आधी हेडफोनच्या सॉकेटपाशी येतो. तिथं पितळेची एक बारीक पत्ती दुसऱ्या पत्तीला टेकून बसलेली असते. दोघी टेकलेल्या असल्या की आवाज हिच्यावरून तिच्यावर आणि तिथून स्पीकरला जातो. तुम्ही हेडफोनची पिन खोचली की ती पहिल्या पत्तीला बाजूला सारते, दोघींची भेट तुटते, स्पीकर बंद होतो आणि आवाज पिनेवाटे तुमच्या कानात जातो. पिन काढली की पत्तीनं परत येऊन टेकायचं. पण भोर-वेल्ह्याच्या पावसात पितळ हिरवं पडतं, पत्तीची ताकद जाते, कधी आत कचरा अडकतो आणि पत्ती परत येत नाही. मग रेडिओ धडधाकट, स्पीकर धडधाकट आणि घरात सामसूम. लोक स्पीकर बदलतात. तरी आवाज येत नाही म्हणून रेडिओ भंगारात घालतात.

शिवाय या पत्तीला अक्कल नसते. आत हेडफोनची पिन आली की आगपेटीची काडी आली, हे तिला कळत नाही. काहीतरी आत आलं म्हणजे पलीकडं कुणाचा तरी कान असणार, असं धरून चालते आणि स्पीकरचं तोंड बंद करते. पलीकडं ऐकणारा असो की नसो.

सॉकेटला पाय असतात. एका कानाचं असेल तर तीन, दोन कानांचं असेल तर पाच. कुठला पाय कशाचा हे कंपनीगणिक बदलतं आणि पाकिटावरचं चित्र बहुतेक वेळा भलत्याच सॉकेटचं असतं. म्हणून अब्बा चित्राकडं बघायचेच नाहीत. मीटर बीपवर लावायचा आणि रिकाम्या सॉकेटचे दोन-दोन पाय धरून बघायचे. जी जोडी वाजेल ती टेकलेली. आता पिन खोचायची. जी जोडी वाजायची थांबली ती स्विचची जोडी. त्या दोघांतला जो पाय पिनेच्या टोकाशी वाजतो त्याला आतून येणारा आवाज जोडायचा, आणि जो एकटा पडला त्याला स्पीकर. आमच्या धंद्यात एवढंच शहाणपण आहे आणि तेवढ्यावर माझं घर चाललं.

हे दोन पाय उलटे जोडले तर काय होतं ते मला कचेरीतून निवृत्त झालेल्या एका भाऊसाहेबांनी दाखवून दिलं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून टीव्हीचं सॉकेट स्वतः बदललं. टीव्ही चांगला वाजायला लागला, म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण हेडफोन खोचला की स्पीकर बंद आणि कानातही काही नाही. आपल्या हातून चूक झाली असेल ही शंका भाऊसाहेबांना कचेरीत असतानाही कधी आली नव्हती. त्यांनी निष्कर्ष काढला की आपले कान गेले. पुण्याला जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत. भाऊसाहेबांनी डॉक्टर बदलला. शेवटी त्यांच्या मंडळी टीव्ही रिक्षात घालून माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, “भाभी, ह्यांना सांगू नका काय झालं होतं ते. कान गेले म्हनून घरात लई शांत ऱ्हात्यात सध्या.” मी पाय बदलून दिले आणि सांगितलं नाही.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे गडावर जाणारे. एकदा राजगडावर निघालेल्या चार-पाच जणांनी वाट वाकडी करून एक भलाथोरला स्पीकर आणला. सॉकेटात पिनेचं टोक तुटून बसलेलं. संध्याकाळपर्यंत द्याच म्हणाले, पालीतून रात्रीच्या मुक्कामाला वर चढायचं आहे. गडावर कशाला जाता म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिथली शांतता अनुभवायला. मी म्हटलं, पार्ट मिळत नाही. पार्ट माझ्यासमोर बरणीत होता. ते बिचारे मुका स्पीकर घेऊन गेले आणि शांतता अनुभवून आले.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडं येते.

वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला एक वाडी आहे. नाव सांगत नाही, तिथं हा अंक जातो. तिथल्या देवळासाठी अब्बांनी एक ॲम्प्लिफायर स्वतः जुळवून दिला होता. त्या वाडीचे भजनीबुवा कॅसेट ऐकून चाली बसवायचे आणि साऱ्या वाडीला तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायला लागायची, म्हणून लोकांनीच अब्बांना सांगून त्यात हेडफोनचं सॉकेट बसवून घेतलं. बुवा गेले, कॅसेट गेल्या, मशीन राहिलं. देवळाच्या शिखराजवळ कर्णा आणि खाली मशीन. भजन, ग्रामसभा, साखरपुडा, सगळं त्याच्यावरच.

गेल्या वर्षी सुगी आटोपल्यावर एक मुलगी ते मशीन खताच्या पिशवीत घालून, नसरापूरला गाडी बदलून माझ्या दुकानात आली. तिनं माझ्या मागं बघितलं नाही, तिथंच मला ती आवडली. नाव रूपाली. भोरला एका खासगी दवाखान्यात नर्स. तिचे वडील दत्तोबा हे वाडीचे मशीनवाले. माईक तेच धरतात, बटणं तेच फिरवतात, दुसऱ्या कोणी हात लावला तर त्यांना चालत नाही.

“भाभी, मशीन बघा,” ती म्हणाली. “आनि नुसतं बघू नका, रविवारी वाडीला येऊन सांगा की ते बिघडलं व्हतं. माझं लगीन त्याच्यावर अडलंय.”

मी पुष्कळ बिघाड बघितले, पण लग्न अडवणारा ॲम्प्लिफायर पहिल्यांदाच बघत होते. तिला बसायला दिलं, चहा सांगितला आणि आधी हकिगत ऐकली.

आमच्याकडं साखरपुड्यात मुलगा-मुलगी असली तर बरं, नसली तरी चालतं, पण स्वागत झालं पाहिजे. माईकवर एकेकाचं नाव पदव्यांसकट घ्यायचं, तो उठणार, हात जोडणार, त्याला टोपी-टॉवेल किंवा फेटा मिळणार, टाळ्या पडणार. सरपंच, उपसरपंच, चेअरमन, चेअरमनचे भाऊ. जेवण थंड झालं तरी एक नाव गळता कामा नये. दत्तोबांना ही सगळी नावं मानाच्या क्रमानं तोंडपाठ. रूपालीच्या साखरपुड्यालाही तेच बोलत होते. मुलगा सागर, पालीकडचा, स्वतःचा टेम्पो. त्याच्या आईचं माहेर याच वाडीतलं, आणि तिचे भाऊ बबनराव हे वाडीचे माजी सरपंच. सोयरीक त्यांनीच जमवली होती. आमच्या भागात सरपंच बदलत राहतो, माजी सरपंच मात्र कायमचा असतो.

तर दत्तोबांनी नाव घेतलं, “वाडीचे आधारस्तंभ, कार्यसम्राट, माजी सरपंच श्रीयुत,” आणि मशीन गप्प झालं. बबनराव फेट्यासाठी डोकं पुढं करून उभे. दत्तोबांचे ओठ हलतायत, कर्णा मुका. कोणी तरी मशीनला थाप मारली तेव्हा आवाज परत आला, पण तोवर दत्तोबा पुढच्या नावावर गेले होते. पुढचं नाव उपसरपंचाचं, म्हणजे बबनरावांच्या हाडवैऱ्याचं. ते असं काही खणखणीत निघालं की समोरच्या डोंगरानंही परत म्हणून दाखवलं. बबनराव न जेवता निघून गेले.

“मग आता त्यांचं म्हणणं काय?” मी विचारलं.

“आबांनी मुद्दाम केलं म्हनत्यात. रविवारी देवळात समद्यांसमोर आबांनी नाक घासायचं, न्हाईतर लगीन न्हाई.”

“आणि आबा काय म्हणतात?”

“आबा घासायला तयार हायत. मीच म्हनलं, जे केलंच न्हाई त्याच्यापायी नाक का घासायचं? तुमी सांगा मशीनचा दोष हाय म्हनून.”

“मुद्दाम कसं करता येईल ते बबनराव सांगतात का?”

“त्येच तर कळंना. कसं ते सांगत न्हाईत. निस्तं म्हनत्यात, समद्यांना ठावं हाय.”

मी मशीन उघडलं. अब्बांच्या हातचे सोल्डर अजून चकचकीत होते, ते बघून थोडा वेळ माझंच काम थांबलं. त्यांनी तारा कशा एका रांगेत बांधल्या होत्या, जणू कोणी बघायला येणार होतं. मग सॉकेटात बॅटरी मारली. आत काहीतरी अडकलेलं होतं. चिमट्यानं ओढलं तर बांबूच्या काडीचा तुकडा निघाला. त्याच्यामागं आणखी एक. आणि आणखी एक. उदबत्तीच्या काड्या. प्रत्येक काडी दुमडून, दुहेरी करून आत घातलेली आणि काढताना टोक मोडलेलं.

एकेरी काडी त्या भोकात सैल बसते, पत्तीला हलवत नाही. दुमडली की बरोबर पिनेएवढी जाड होते. हे ज्यानं शोधून काढलं त्याला अब्बांनी नोकरीवर ठेवलं असतं.

रूपाली टेबलावरच्या तुकड्यांकडं बघत होती. तिला मी पत्तीचं सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं तसंच. जुना तुकडा आत राहिलेला, पत्ती आधीच दमलेली, साखरपुड्याला मशीन तापलं, हादरलं, तुकडा सरकला आणि पत्ती उचलली गेली. थाप मारली तेव्हा परत टेकली. म्हणजे त्या दिवशी कोणी काही केलं नव्हतं.

“मंग बरंच झालं,” ती म्हणाली. मग थांबली. “पर भाभी, ह्या काड्या आपोआप जात्यात का आत?”

“न्हाई.”

“मशीनला आबांबिगर कुनी हात लावत न्हाई.”

ती बराच वेळ हिशेब जुळवत असावी. मग तिनं सांगितलं. पावसाळ्याच्या आधी ग्रामसभेत ती पहिल्यांदा माईकवर उभी राहिली होती. वाडीत घरोघर नळ बसले होते, नळासोबत सगळ्यांचे फोटो निघाले होते आणि पाणी तेवढं आलं नव्हतं. ते कधी येणार, असं तिनं विचारलं. निम्म्यावर मशीन बंद पडलं. बबनराव म्हणाले, मशीन बिघडलं, सभा संपली. तिच्या आधी एका शाळा समितीतल्या बाईंचंही असंच झालं होतं, त्याआधी एका गुराख्याचं. वाडीत बोलायचे, ह्या मशीनला बायांचा आनि गुराख्यांचा आवाज सोसत न्हाई.

“मशीन बंद पडायच्या आधी बबनमामा टोपीला हात लावायचं,” ती हळू म्हणाली. “मला वाटायचं डोस्कं खाजतंय.”

तेव्हा मला बबनरावांची खरी पंचाईत कळली. मशीन गप्प कसं करतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण युक्ती त्यांचीच. म्हणून तर आपल्या नावाला आवाज गेला तो दत्तोबांनी काडी घातली म्हणूनच, याविषयी त्यांची खात्री. पण तोंडानं सांगता येईना, कारण काडीचं नाव काढलं की आधीच्या सगळ्या काड्या वर येणार. आणि दत्तोबांना सांगता येईना की मी या वेळी काडी घातली नव्हती, कारण त्यातला ‘या वेळी’ हा शब्द गळ्यात अडकणार. दोघं म्हातारे एका काडीला दोन टोकांनी धरून बसले होते आणि मध्ये या पोरीचं लग्न.

रूपाली रडली नाही. चहा तसाच ठेवला. म्हणाली, “ते भोक बुजवून टाका.”

“बुजवलं तर लोक दुसरी वाट काढतील,” मी म्हटलं. “भोक राहू दे. आतली गोष्ट मी बघते.”

सॉकेटाचे तीन पाय. त्यातले स्विचचे दोन मी तारेचा एक तुकडा टाकून बाहेरच्या बाजूनं कायमचे जोडून टाकले. आता आत पिन घाला, काडी घाला, नाहीतर कुदळीचा दांडा घाला, पत्ती हलेल पण आवाजाला दुसरी वाट मोकळी. अब्बांच्या वायरिंगला मी असा हात कधी लावला नव्हता. त्या दिवशी लावला आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

रविवारी मशीन घेऊन तिच्यासोबत एसटीनं वाडीला गेले. देवळाच्या मंडपात माणसं जमली होती. कोणी तरी माझ्या मागं बघितलंच, मिस्त्री आलेत का म्हणून. सागर आणि त्याची आई खांबाला टेकून बसलेले. सागर दिसायला गोड पोरगा, स्वच्छ शर्ट, मान खाली. दत्तोबा मशीनपाशी, आणि त्यांच्याशेजारी, तुटक्या हाताच्या खुर्चीत, बबनराव. माईकची वायर आखूड, म्हणून बोलणाऱ्याला मशीनजवळच उभं राहावं लागतं.

मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की साखरपुड्याला कोणी काही केलं नाही, आत जुना कचरा अडकला होता. कसला कचरा, म्हणून एका म्हातारीनं विचारलं. मी पदराच्या गाठीतून तुकडे काढून पायरीवर ठेवले.

लोक उठून तुकडे बघायला वाकले. मग मागून एकजण म्हणाला, “उंदरानं न्हेल्या असत्याल.”

“उंदीर काडी दुमडून न्हेत न्हाई,” मी म्हटलं.

दत्तोबा उठून उभे राहिले. “म्या घातल्या,” ते म्हणाले. “पर बबनरावांच्या नावाला न्हाई घातली. देवाशपथ न्हाई.”

“मग कुनाच्या नावाला घातल्या?” म्हातारी सोडायला तयार नव्हती.

बबनराव म्हणाले, “आज इषय मानपानाचा हाय. भलतीकडं न्हेऊ नका.”

रूपालीनं माईक उचलला. वडिलांकडं बघितलं, रागानं नाही, पण मला ते बघवलं नाही. म्हणाली, “एक माझ्या नावाला घातली व्हती. तवा मी नळाचं इचारत व्हते. माझं निम्मंच झालं व्हतं, आज पुरं करते. नळ बसून वरीस झालं. टाकी कुनाच्या रानात बांधलीया आनि तिचं पानी आधी कुनाच्या बागंला जातंय?”

बबनरावांचा हात टोपीकडं गेला. ती सवय होती, त्यांचंही लक्ष नसावं. दत्तोबांनी तो हात बघितला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. मी त्या माणसावर दोन दिवस मनातून चिडून होते, तिथं माझा राग उतरला.

बबनराव थोडा वेळ थांबले. मग स्वतःच उठले, देवापुढच्या उदबत्तीच्या घरातली विझलेली काडी उपसली, दुमडली आणि साऱ्या वाडीसमोर भोकात घातली. इतकी वर्षं ते काम दुसऱ्याकडून करून घेतल्यामुळं त्यांचा हात जरा चाचपडला. रूपाली बोलतच होती. आवाज बंद झाला नाही. त्यांनी काडी आणखी रेटली, वाकून भोकात बघितलं, आणि माईकपासून वीतभर अंतरावर तोंड असताना म्हणाले, “आरं दत्त्या, ह्ये बंद का व्हईना?”

ते वाक्य शिखरावरच्या कर्ण्यातून निघालं आणि खळ्यावर, गोठ्यात, वरच्या धनगरवस्तीवर सगळीकडं गेलं. ग्रामसभेतसुद्धा त्यांचं बोलणं कधी इतक्या लोकांपर्यंत पोचलं नसेल. आधी ती म्हातारी हसली. मग सगळा मंडप. सागरची आईसुद्धा पदरात तोंड लपवून हसत होती, आणि ती तर त्यांची सख्खी बहीण.

बबनराव लालबुंद झाले. “सोयरीक मोडली,” म्हणाले. “चल रं सागर.”

“तुमी न्हाई मोडायची,” रूपाली म्हणाली. “लगीन त्यांचं हाय.” तिनं माईक सागरपाशी नेला, वायर पुरेना म्हणून तोच उठून दोन पावलं पुढं आला. ती त्याला म्हणाली, “मामांनी आत्ता जे केलं ते तुमाला बरुबर वाटतं का चूक? येवढंच सांगा. चूक म्हनलात तर मी तुमच्या घरी सुखानं यीन.”

सागरनं माईक हातात घेतला. मामांकडं बघितलं. आईकडं बघितलं. मला त्या पोराची कीव आली आणि रागही आला, आणि मनातून वाटत होतं, बोल बाबा, एक शब्द बोल, तेवढा पुरे. त्यानं माईकवर बोटानं टकटक केलं. कर्ण्यातून टकटक आली.

“चालू हाय का?” त्यानं विचारलं.

ते साऱ्या वाडीला ऐकू गेलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मशीन उत्तम चालू होतं, माझ्याच हातून दुरुस्त होऊन आलेलं, मंडपाबाहेर कोंबडी ओरडली तीसुद्धा कर्ण्यातून आली. सगळे वाट बघत होते, बबनरावसुद्धा. मग सागरनं माईक हळूच खाली ठेवला, फार काळजीनं, काही फुटू नये अशा बेतानं.

रूपालीनं बोटातली अंगठी काढून मशीनवर ठेवली आणि मला म्हणाली, “चला भाभी, गाडी चुकंल.”